इंद्रभानचे गार हात

“ही राख कोनाची हाय?” मुकादम हिरालालने जोड्याच्या टोकाने राख उकरली. आत निखारा अजून जिवंत होता, आणि चार हातांवर कापसाची गंजी.

कारंज्याच्या त्या कापसातली सरकी काढायच्या जिनात बिडी ओढणाऱ्यालासुद्धा हाकलून देत. इथे तर कोणी चक्क शेकोटी केली होती. सकाळी कामावर आलेल्या साऱ्या हमालांच्या नजरा एकाच माणसाकडे वळल्या, इंद्रभानकडे.

त्यांचे तरी काय चुकले? मानमोडीच्या साथीतून इंद्रभान वाचला तो अंगात थंडी घेऊनच. होळी आली तरी त्याच्या अंगावरची घोंगडी उतरत नसे. कोणी म्हणे रक्त आटले, कोणी म्हणे हाडांत हिव शिरले. बरोबरीचा हमाल दौलत तर उघड्या छातीने गाठी उचलायचा आणि त्याला चिडवायचा, “काय बुढ्या, आनू का गवऱ्या?”

“म्या नाई पेटोली, मुकादम. देवाची आन,” इंद्रभान म्हणाला. घरी बायको सीताबाई पोटुशी होती. हे काम सुटले तर तिच्या तोंडात काय घालायचे?

“हात दाव.”

इंद्रभानने हात पुढे केले. नखे निळी, बोटांची टोके पांढरीफटक. हिरालालने ते धरले आणि चटका बसल्यासारखे सोडले.

“पाहा तुमीच,” इंद्रभानला धीर आला. “शेकले असते तं असे गार राह्यले असते काय?”

“खरं हाय,” मागून कोणी पुटपुटले. हिरालाल विचारात पडला.

“गार हायेत म्हनूनच तं तुले इस्तू लागते,” हिरालाल शेवटी म्हणाला. “आज नाई तं उद्या पेटोशीन. गंजी जळाली तं शेटले म्या काय सांगू? जाय घरी.”

झाले. इंद्रभान फाटकाबाहेर पडला, तोच दौलत धावत आला आणि त्याने त्याचे दोन्ही हात धरले.

“मीच पेटोली रे, इंद्रभान. मलेबी थंडी वाजते. सांगाची लाज वाटे.”

“मंग चाल, मुकादमाले सांग.”

दौलतने मान खाली घातली. हात मात्र सोडले नाहीत.

इंद्रभानच्या तोंडात शिवी आली. हात हिसकावून घ्यावेत आणि याच्या थोबाडीत द्यावी, असे त्याला फार वाटले. पण दौलतचे पंजे ऊबदार होते, आणि बोटांत हळूहळू रक्त उतरू लागले होते. त्याने थोडा वेळ हात तसेच राहू दिले.