सांध्यावरचा कळंक

मनकर्णाबाईंचा लेक हरीश गेल्याला दोन वर्षं होत आली होती, तरी कुरुंद्याच्या त्या घरात सासू-सुनेचं बोलणं चहा झाला, पीठ संपलं, एवढ्यावरच थांबायचं. मनकर्णाबाई सुनेला तोंडावर वाकडा शब्द बोलत नसत. पण कुणी भेटायला आलं की त्यांचं एक बोलणं ठरलेलं असे. "त्या दिशी बरं वाटून न्हाई राहिलं म्हणत व्हता. तरी धाडलं रानात, हळद शिजवायला."

कुणी धाडलं, ते त्या सांगत नसत. ऐकणाऱ्याची नजर आपसूक ओट्यापाशी उभ्या असलेल्या शिवकन्याकडे वळायची.

शिवकन्याला उलट बोलता येत नव्हतं, कारण ते खोटं नव्हतं. "मजूर येऊन बसलेत, तुमीच असं बसून राहिलात तर कसं व्हईल?" असं ती त्या सकाळी म्हणाली होती. हरीश उठला, डोक्याला रुमाल गुंडाळला आणि गेला. दुपारी त्याला ट्रॉलीत निजवून आणलं. हृदय बंद पडलं, डॉक्टरनं सांगितलं. अचानक झालं, असं गाव म्हणालं. अचानक म्हणजे काल माणूस ठणठणीत होता. मग आज त्याला उठवणाऱ्याच्याच माथी सगळं येतं.

या दिवाळीनंतर माडीवरच्या न्हाणीघराची भिंत ओल धरू लागली. पुण्यात हॉटेलांच्या पाइपाचं काम करून हरीश गावी परतला होता, आणि आपल्या घरात तांब्याचीच लाइन टाकायची हा त्याचा हट्ट होता. आधी त्यानं खालच्या मजल्याची टाकली, मग दुसऱ्या वर्षी माडीवरची. दुसऱ्या कुणाला हात लावू दिला नाही. आता माडीवर, छताजवळून जाणाऱ्या पाइपाच्या जोडांवर हिरवट, खरबरीत खपली धरली होती. घंगाळ न घासता ठेवलं की कळंक चढतो, तशी.

"जोड बदलावे लागतील, आत्याबाई," शिवकन्या म्हणाली.

"काही बदलायचं न्हाई. माझ्या लेकाच्या हातचं हाये ते."

मनकर्णाबाई स्वतः स्टुलावर चढून चिंचेनं ते जोड घासायच्या. चार दिवस तांबं लखलखायचं, मग पुन्हा हिरवं. शिवकन्याची लेक पुनम शाळेतून येऊन माडीवर अभ्यासाला बसे. एके दिवशी भिंतीच्या गिलाव्याचा पोपडा सुटला आणि तिच्या पुस्तकांवर येऊन पडला. तेव्हा मात्र शिवकन्यानं सासूला न विचारता हट्टा गावच्या बालाजीला फोन लावला. पुण्यात बालाजी आणि हरीश एकाच खोलीत राहिले होते, एकाच ठेकेदाराकडे राबले होते.

बालाजी आला, चहा घेतला, हरीशच्या फोटोला हात जोडले आणि माडीवर गेला. बराच वेळ खालीवर करत राहिला. शेवटी शिवकन्याला म्हणाला, "वहिनी, वरचं काम हरीशनंच केलं का?"

"त्यांनीच. काहून?"

"खालचे जोड पहा, आजबी नव्यावानी हायेत. हितं माडीवरबी कमरेइतक्या उंचीवरचे चांगले हायेत. बिघडले ते फक्त डोक्यावरचे." त्यानं एका जोडावर बोट फिरवलं. "जोडाला आधी एक मलम लावतात. मग ग्यासच्या बत्तीनं तापवून वितळलेलं कथील आत ओढू द्यायचं, अन् गरम असतानाच ओल्या फडक्यानं सगळं पुसून काढायचं. हे मलम तसंच राह्यलं, ते तांबं खातं. अन् कथील जोडाभवती बराबर फिरलंच न्हाई. वरच्या अंगाला फट हाये, तिथून पाणी पाझरून राहिलं."

"घाई केली आसंल."

"घाई केली असती तर सगळेच बिघडले असते." बालाजीनं आपला हात डोक्यावर उचलून दाखवला. "बत्ती डोक्यावर धरावी लागती. असं वाटतं, त्याचा हात वर ठरतच नव्हता."

शिवकन्या तिथंच जिन्याच्या पायरीवर बसली. तिला आठवलं, खालचं काम हरीशनं गाणी म्हणत उरकलं होतं. माडीवरचं मात्र रेंगाळत गेलं. थोडं काम केलं की तो याच पायरीवर येऊन बसायचा, पाणी मागायचा, डावा दंड दाबत राहायचा. "पुण्यात असंच बसून पगार घेत व्हते का?" असं तिनं थट्टेनं विचारलंही होतं, आणि तो हसला होता. पुनमला खांद्यावर घेणं त्यानं त्याच सुमारास सोडलं. पोरगी मोठी झाली, म्हणाला. पोरगी तेव्हा चिमणीएवढी होती.

म्हणजे त्या सकाळच्या कितीतरी आधीपासून हे चाललं होतं. तिच्या छातीवरचा धोंडा हलला खरा, पण त्याच्या जागी दुसरा येऊन बसला. रोज डोळ्यांपुढं होतं, आणि दिसलं नाही.

जिन्याखाली कुणीतरी उभं होतं. मनकर्णाबाई कठड्याला धरून सगळं ऐकत होत्या. त्या सावकाश वर आल्या आणि सुनेच्या शेजारी, त्याच पायरीवर टेकल्या.

"जायच्या आधीच्या दिवाळीला आकाशकंदील टांगाया चढला व्हता," त्या खालच्या आवाजात म्हणाल्या. "मधीच उतरला. म्हणला, आई, हात भरून आला. मी तेल चोळून दिलं. म्हणलं, पाइपाचं काम करून राहिला, दुखत आसंल."

"मलाबी तसंच वाटलं, आत्याबाई."

"मी तर आई व्हते त्याची," मनकर्णाबाई म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज फुटला. लेकाला उचललं त्या दिवशीही त्या अशा रडल्या नव्हत्या. शिवकन्यानं त्यांच्या पाठीवर हात ठेवला. त्यांनी तो झटकला नाही.

बालाजी खाली जाऊन अंगणात उभा राहिला. बऱ्याच वेळानं मनकर्णाबाईंनी पदरानं तोंड पुसलं आणि त्याला हाक मारली. "काढ बाबा ते वरचे जोड. लेकरू तिथं बसतं. चांगले राह्यलेत त्यांना मात्र हात लावू नको."

फाल्गुनात हरीशचं दुसरं वर्षश्राद्ध झालं. पंगत उठल्यावर बायका ओसरीवर बसल्या होत्या. हिंगोलीहून आलेली शिवकन्याची चुलत नणंद चतुराबाई सवयीनं उसासा टाकून म्हणाली, "त्या दिशी रानात धाडलं नसतं, तर आज..."

"चतुरा," मनकर्णाबाईंनी तिला मधेच तोडलं, "त्याचं दुखणं लई आधीचं व्हतं. आमा दोघींच्या डोळ्यापुढं व्हतं, आमाला कळलं न्हाई. ह्या घरात आता कुणी कुणाला बोल लावायचा न्हाई."

शिवकन्या दारात सुपारीचं तबक घेऊन उभी होती. तिनं तबक खाली ठेवलं आणि ती चौकटीला टेकली.

"बस हितं," मनकर्णाबाई सरकून जागा करत म्हणाल्या. "सकाळपासून उभी हायेस. सुपारी पुनम वाटंल."