खडीवरची घरटी

वर्लिनने माशी फेकली. गळाला बांधलेली पिसांची ती पिवळी माशी पाण्यावर टेकली, भोवती वलयं उठली आणि तो थांबला. शेवटचं वलय विरेपर्यंत दोरी हलवायची नाही, हे त्याला त्याच्या भावाने, डॉर्सीने शिकवलं होतं. डॉर्सी घरातून निघून गेला त्याला त्रेचाळीस वर्षं झाली. तरी असं थांबलं की कुणीतरी मागे उभं राहून आपल्याबरोबर थांबलंय, असं वर्लिनला अजून वाटे. तो मागे वळून बघत नसे.

काठावर त्याची बहीण नेवा घडीच्या खुर्चीत बसली होती. तळ्याकडे पाठ, तोंड रस्त्याकडे. ती नेहमी तशीच बसे. मासे पकडायला सोबत म्हणून यायची, आणि संध्याकाळभर रस्ता बघायची.

"मासे म्हातारे होऊन मेले वाटतं," ती न वळता म्हणाली.

"तुझ्या बडबडीने पळाले."

"मग बोलू कुणाशी? घरात एक तू आणि एक कुत्रं. कुत्रं निदान मान तरी हलवतं."

दोन वर्षं नीट पाऊस नव्हता. तळं इतकं आटलं होतं, की बांधाखाली जिथे एरवी डोक्यावर पाणी असे, तिथे वर्लिन आज मांडीभर पाण्यात उभा होता. ब्लूगिल माशांचे नर यंदा तिथे घरटी करत होते. तो तीन दिवस नुसता बघत होता. तळहाताएवढा मासा शेपटीने गाळ झाडतो, ताटाएवढा खळगा करतो, मादीने अंडी घातली की त्यावर पहारा देत राहतो. खात नाही, हलत नाही. माणसाची सावली पडली तरी जागा सोडत नाही.

पण हे तळं चिकणमातीचं. विलोच्या झाडाखाली दरवर्षी जी घरटी होत ती तपकिरी, गढूळ असत. ही निळसर दिसत होती. आणि ती इकडेतिकडे नव्हती. बांधाच्या पायथ्यापासून एका पट्ट्यात खोल पाण्याकडे उतरत गेली होती.

माशी बुडाली. वर्लिनने नर वर घेतला. कल्ल्यामागे काळा ठिपका, छाती तांबडी. पहाऱ्यावरचा नर ठेवून घ्यायचा नाही. तो गेला की बाकीचे मासे क्षणात अंडी फस्त करतात. वर्लिनने गळ सोडवला, वाकला आणि हात पाण्यात घालून मासा त्याच्या घरट्यावर सोडला. बोटं तळाला लागली. तळ टणक होता.

त्याने मूठभर उचललं. धारदार कडांची फोडलेली खडी. तो बराच वेळ तसाच वाकून राहिला. मग मूठ न उघडता काठावर आला.

"नेवा, आईच्या दारातल्या वाटेसाठी खडी कुठली सांगितली होती?"

डॉर्सी गेला त्या दिवसाबद्दल घरात बोलत नसत. तीन दिवस पाऊस चालला होता, आई दारातल्या चिखलात दोनदा पडली होती, आणि खडी आणायला डॉर्सी आज-उद्या करत होता. तेव्हा वर्लिनच दारात उभा राहून ओरडला होता, खडी आणल्याशिवाय घरी येऊ नकोस. डॉर्सी ट्रक घेऊन गेला तो गेला. रागावून टेक्सासला पळाला, असं सगळ्यांनी ठरवलं. आईने मरेपर्यंत पत्राची वाट पाहिली. बांधावर कुणी शोधलं नाही. भरलेली गाडी बांधावरून आणायची नाही, हा बापाचा नियम होता, आणि मोठा रस्ता तर चांगला होता. फक्त बांधावरच्या वाटेपेक्षा चार मैल लांब.

"टॅकेटच्या खाणीतली," नेवा म्हणाली. "निळी. पांढरी आईला आवडायची नाही, कबरीसारखी दिसते म्हणायची. आता ते कशाला?"

वर्लिनने मूठ तिच्यापुढे उघडली.

तिने एक तुकडा उचलला, अंगठ्याने त्यावरचा गाळ पुसला. मग बांधाकडे पाहिलं. तिथून खाली, घरट्यांचा पट्टा उतरत गेला होता त्या खोल पाण्यात.

"लवकर यायला बघत होता," ती म्हणाली.

वर्लिन तिच्या पायाशी गवतावर बसला. पँटमधून पाणी गळत होतं.

खाली तो नर आपल्या खळग्यावर पुन्हा गोल फिरू लागला होता. त्याने उठवलेलं बारीक वलय मोठं होत होत काठापर्यंत आलं आणि विरलं. दोघांपैकी कुणी हललं नाही.

मग नेवा उठली. तिने खुर्ची उचलली, फिरवली आणि पाण्याकडे तोंड करून बसली.