तीन भिंती एका फोटोत

आमच्या सासऱ्यांना मी मामा म्हणतो. सुतार माणूस. तोंड करवतीसारखं, हात मात्र सोन्याचा. घरातल्या आठ बाय दहाच्या खोलीत त्यांनी मामींसाठी पुस्तकांचं कपाट केलंय, तेही एका भिंतीला नाही, सलग तीन भिंतींना. जमिनीपासून बारा फूट उंच छतापर्यंत. खिळा शोधून दाखवा, मी फोटो काढायचं सोडतो.

पण हल्ली लोक यंत्रावर कापलेली कपाटं आणतात. दोन वर्षं मामा नुसत्या बिजागऱ्या बदलत होते. अशात एका शाळेच्या मुख्याध्यापिकेचा फोन आला. वाचनालयाचं काम द्यायचंय, कपाटाचा फोटो पाठवा, पण सगळं कपाट एका फोटोत दिसू दे. उद्या दुपारी ठरवणार.

"जावईबापू," मामा म्हणाले, "आयुष्यात पहिल्यांदा तुमचा उपयोग होतोय."

मी कॅमेरा घेऊन दारात उभा राहिलो. एकच भिंत आली. मागे सरकायला जागा कुठे? दाराबाहेर लगेच जिना. एक पाऊल मागे आणि जावई थेट तळमजल्यावर.

"तुकड्यातुकड्यानं काढू का?"

"मग कपाटही तुकड्यातुकड्यानं पाठवतो!"

गेलो मग लेन्सच्या दुकानात. दुकानातल्या बाईंनी भाड्यानं मिळतील अशा दोन रुंद लेन्स समोर ठेवल्या. पहिलीतून बघितलं तर पार माझ्या कोपरापर्यंत सगळं दिसलं, पण समोरची मांडणी केळ्यासारखी वाकलेली. मामांनी हे बघितलं असतं तर लेन्ससकट मला रंध्याखाली घेतलं असतं. दुसरीत जरा कमी मावत होतं, पण फळी फळीसारखी दिसत होती. ती घेतली. बाई म्हणाल्या, "ही वापरताना कॅमेरा..." मी म्हटलं, "बाई, तीस वर्षं हेच करतोय." आणि निघालो.

घरी आलो, दारात उभा राहिलो, डोळा लावला. अहाहा! तीनही भिंती! वरचा खण तेवढा कापला जात होता, म्हणून कॅमेरा जरा वर उचलला आणि दाबलं बटण. फोटो लॅपटॉपवर मोठा करून मामांपुढे ठेवला.

मामा बघतच राहिले. मग कान लाल झाले.

"हे काय? माझं कपाट मागे पडतंय!"

खरंच की. दोन्ही बाजूंच्या फळ्या वर जाता जाता एकमेकींकडे झुकलेल्या. सगळं कपाट कलंडायला आलेलं.

"अहो, लेन्समुळे दिसतं तसं."

"ओळंबा लावून उभं केलंय मी ते! केसाचा फरक नाही. आणि हे शाळेत दाखवणार? पोरांच्या डोक्यावर पडेल म्हणून हाकलतील मला."

त्यात मामी कोपऱ्यात पुस्तक लावत होत्या, त्याही फोटोत आलेल्या. कडेला असल्यामुळे ताणून दुप्पट रुंद झालेल्या. त्या वाकून बघायला लागल्या. "अगं बाई! ही म्हैस कोण?"

मला हसू आवरेना. मामा मात्र हसले नाहीत. खाली बसले आणि हळूच म्हणाले, "राहू द्या. बिजागऱ्या काय वाईट आहेत?"

ते मला लागलं हो. करवत परवडली, पण हा आवाज नको. मी पुन्हा दारात उभा राहिलो, लेन्स वर कर, खाली कर, चाललं होतं. मामा बघत होते. एकदम उठले आणि पेटीतून पाणसळ काढली. तीच ती पट्टी, आत बुडबुडा हलतो ती. आले आणि ठेवली सरळ माझ्या कॅमेऱ्यावर.

"बघा. बुडबुडा कुठे पळालाय? कपाट नाही वाकडं, तुम्ही वाकडे!"

बुडबुडा मध्ये आणला. डोळा लावला. फळ्या ताठ! शिस्तीत उभ्या! पण वरचा खण गेला आणि खाली नुसती फरशी.

"मान वर करायची नाही," मामा म्हणाले. "माणूसच वर चढवायचा. कपाटाच्या निम्म्या उंचीवर."

लगेच स्टूल आलं. स्टुलावर मी, कॅमेऱ्यावर पाणसळ, मामांनी माझा पट्टा मागून घट्ट धरलेला, कारण मागे जिना. आता खालपासून वरपर्यंत सगळं मावलं. पण मामा कॅमेऱ्याच्या पडद्यावर बघून पुन्हा अडले.

"खोली केवढी दिसतेय! नाचायला दालन आहे जसं. खोटं नको."

"मग मामींना बसवू. माणूस दिसला की माप कळतं."

"मी नाही!" मामी म्हणाल्या. "पुन्हा म्हैस व्हायचंय का?"

"कडेला नाही हो, मधोमध. मध्ये लेन्स ताणत नाही."

मामींनी खुर्ची मध्ये ओढली, पुस्तक उघडलं आणि दोन मिनिटांत खरोखर वाचायला लागल्या. आम्ही आहोत हेही विसरल्या. तेवढ्यात मी बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी फोन वाजला. मामांनी ऐकलं. "हो... हो... खिळा नाही... फोटोत वाचत बसलीय ती? माझी बायको. हो, रोजच बसते." शेवटी, "भिंती सरळ आहेत ना तुमच्या? मग येतो," म्हणून फोन ठेवला.

आणि हा सत्तरीचा माणूस शीळ घालत अंगणात गेला, फळी काढली, रंधा चालू. भुशाचा पाऊस नुसता!

मामी दारातून ओरडल्या, "अहो, किती कपाटं हवीत त्यांना?"

रंधा थांबला. मामांनी डोकं खाजवलं.

"जावईबापू," म्हणाले, "लावा बरं फोन परत."