आप्पासाहेबांच्या फाटकावरची पाटी

मी एक जुनी पत्र्याची पाटी आहे, मित्रांनो, पण माझी दया करायची नाही. कुणी डोळे पुसायला रुमाल काढला असेल तर त्याने तो मुकाट्याने परत खिशात ठेवावा. मला एका माणसाचा सूड उगवायचा होता. तो उगवला, आणि आज मी तो चवीने सांगणार आहे.

माझा जन्म औरंगपुऱ्यातल्या एका बोळात, कडुबा पेंटरच्या दुकानात झाला. डांबराच्या पिंपाचा पत्रा ठोकून ठोकून त्याने मला सरळ केलं, पॉलिश पेपरने घासलं, पिवळ्या रंगाचे दोन हात दिले आणि दोरीने रेघ मारून काळ्या अक्षरांत लिहिलं, 'खोली भाड्याने देणे आहे'. अक्षरं काय देखणी होती! रंग वाळल्यावर तो मला म्हणाला, "जा बाई, कुणाच्या तरी डोक्यावर छप्पर येऊ दे तुझ्यामुळं." मी ते मनावर घेतलं. पाटी असले म्हणून काय झालं, मलाही वाटत होतं की आपलं आयुष्य सत्कारणी लागावं.

मला विकत घेतलं गारखेड्याच्या आप्पासाहेबांनी. हे मूळचे करमाडचे. तिकडची जमीन कंपन्यांना गेली, हातात पैसा आला, आणि त्यांनी गारखेड्यात तीन मजली घर बांधलं. खाली स्वतः राहायचे, वर सगळ्या खोल्या शिकणाऱ्या मुलींसाठी. मी फाटकावर चढले आणि आठवड्याच्या आत घर भरलं. आप्पासाहेब येणाऱ्याजाणाऱ्याला सांगायचे, "पाटी लई पायगुणाची आहे." त्यांच्या बायकोने, लक्ष्मीबाईंनी, दसऱ्याला मला हळदकुंकूसुद्धा लावलं. मी भोळी, फुगले.

खोल्या भरल्या की मला उतरवत. मग मी जिन्याखाली पडायची. कधी गटाराच्या उघड्या तोंडावर झाकण म्हणून, कधी कुत्र्यांवर उगारायला. माणसांनी आपल्याला फक्त गरजेपुरतं ओळखावं, हे सहन करायला फार मोठं मन लागतं. माझ्याकडे ते नाही.

आता मुद्द्याचं सांगते. ज्या मुलामुलींना सरकारी वसतिगृहात जागा मिळत नाही, त्यांना बाहेर खोली घेऊन राहायला सरकारचा भत्ता सुरू झाला होता. खेड्यापाड्यातून शिकायला आलेल्या गरिबाघरच्या लेकरांना तेवढाच आधार. गल्लीतल्या मुलींनी त्या दिवशी पेढे वाटले. आप्पासाहेबांनीही एक पेढा खाल्ला आणि तोंड पुसता पुसता भाडं वाढवलं. "सरकार देतंय ना? मग तुमच्या खिशाला कुठं तोशीस?" असं वर म्हणाले. शेजारच्या घरमालकांनी त्यांचं पाहून तेच केलं. भत्ता मुलींच्या नावावर यायचा आणि मालकाच्या घरात जायचा, मुली आपल्या होत्या तिथेच. आप्पासाहेबांनी तर स्वतः जाडा ब्रश घेऊन माझ्या अंगावर आणखी एक ओळ ओढली, 'भत्तेवाल्या मुलींना प्राधान्य'. कडुबाच्या अक्षरांखाली ती वेडीवाकडी ओळ बघून माझा जीव जळाला.

मग एका वर्षी भत्ता कापला. निम्म्याहून कमी उरला, तोही कधी येईल याचा नेम नाही. मुली भाडं कमी करा म्हणायला खाली आल्या. पुढे होती निशा. ही करमाडचीच, नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला. तिचे आईवडील, मालनबाई आणि रामकिसन, यांनी आप्पासाहेबांच्याच शेतात उमेदीची वर्षं घालवली होती. "आपल्या गावची पोरगी आहे," असं म्हणत आप्पासाहेबांनी तिला खोली दिली होती. भाड्यात मात्र गाव आठवला नव्हता.

"काका, भत्ता वाढला तवा तुमी भाडं वाढवलं," निशा म्हणाली. "आता भत्ता कापला, तर भाडं बी उतरवा."

"सरकारनं कापलं, मी कापू काहून?"

झालं. त्यानंतर त्यांनी वरच्या नळाचा कॉक बंद केला. आमच्या शहरात नळाला पाणी आधीच कितीतरी दिवसांनी येतं, ते साठवून पुरवायचं असतं. ड्युटीवरून थकून आलेल्या मुली घागरी घेऊन शेजारच्या बोअरवर जाऊ लागल्या. निशाला सांगितलं गेलं, पूर्ण भाडं नाहीतर आठ दिवसांत खोली खाली. तिची परीक्षा तोंडावर होती. दवाखान्यातल्या ड्युटीचे तास भरले नाहीत तर परीक्षेला बसू देत नाहीत. करमाड काही फार लांब नाही, पण उशिराची ड्युटी सुटल्यावर तिकडे जायला गाडी मिळत नाही. गल्लीत दुसरी खोली बघावी तर सगळीकडे तेच भाडं. खोली गेली की वर्ष गेलं, आणि वर्ष गेलं की रामकिसनची पुन्हा फी भरायची ऐपत नव्हती. एवढं सगळं त्या एका खोलीवर अडलं होतं.

आणि या माणसाने काय करावं? निशाचं अक्षर सुरेख. करमाडच्या त्यांच्या वस्तीत जयंतीचे फलक तीच रंगवायची, हे आप्पासाहेबांना ठाऊक होतं. पेंटरचे पैसे वाचावेत म्हणून त्यांनी तिच्याच खोलीची पाटी तिलाच लिहायला बसवलं. मित्रांनो, ज्या मुलीला घराबाहेर काढायचं, तिच्याकडूनच नव्या भाडेकरूला आवतण लिहून घ्यायचं! मला जिन्याखालून ओढून काढलं, जुनं सगळं पांढऱ्या रंगाने बुजवलं. कडुबाची अक्षरं गेली. तेव्हाच मी मनाशी पक्कं केलं की या माणसाला मी सोडणार नाही.

आप्पासाहेब ओट्यावर सुपारी कातरत बसले. "मी सांगतो तसं लिही. एक अक्षर गाळू नको, आपल्या मनचं काही घालू नको. शेवटी माझं नाव टाक."

"बरं काका."

"खोली भाड्याने देणे आहे. भत्तेवाल्यांना नाही. लिहिलं का?"

"लिहिलं."

मग त्यांची जीभ सुटली. लिहायला सांगणं एक गोष्ट आणि रागात बोलणं दुसरी, हे भान अशा वेळी कुणाला राहतं? "भत्ता कापला तर मी काय करू? भाडं एक रुपया कमी होणार नाही. परवडत नसलं तर गावाकडं जावं, गवऱ्या थापाव्या. पाणी माझं आहे, मी वाटलं तर देईन."

निशाने ब्रश थांबवून विचारलं, "हे बी लिहू का, काका?"

"एकदा सांगितलं ना, एक अक्षर गाळू नको!" ते खेकसले आणि फोन वाजला म्हणून आत गेले.

तिने एक अक्षर गाळलं नाही. वर मोठ्या अक्षरांत खोली, खाली गवऱ्या, त्याखाली पाणी, आणि सगळ्यात शेवटी त्यांचं नाव. ब्रश माझ्या अंगावरून फिरत होता आणि मला गुदगुल्या होत होत्या. लिही पोरी, लिही! मग तिने मला फाटकावर तारेने घट्ट बांधलं, पेटी उचलली आणि करमाडला जायला रिक्षात बसली. रिक्षात बसल्यावर मात्र तिने ओढणीत तोंड लपवलं. ते मी पाहिलं आणि माझा राग दुप्पट झाला.

पुढचे दिवस म्हणजे माझ्या आयुष्यातले सोन्याचे दिवस. दूधवाला थांबून वाचायचा. भाजीवाली वाचता येईना म्हणून दुसऱ्याकडून वाचून घ्यायची आणि पदर तोंडाला लावून हसायची. कॉलेजच्या पोरींनी माझे फोटो काढले, ते सगळ्या ग्रुपवर फिरले. आप्पासाहेब दिवसातून चारदा माझ्या शेजारून जायचे, पण आपल्या पाटीवर काय आहे ते आपल्याला माहीतच आहे, या तोऱ्यात त्यांनी मान वर केली नाही. घरमालक स्वतःची पाटी कशाला वाचेल? ती लोकांनी वाचायची असते. लोक वाचत होते.

खोली बघायला कुणी फिरकेना. महिना संपला तसं निशाची मैत्रीण सरिता आणि बाकीच्या मुलींनीही सामान बांधलं. कुणी नातेवाइकांकडे गेली, कुणी चौघींत एक खोली घेतली. "निशा आली तरच आमी येऊ, काका," एवढंच सरिता म्हणाली. तीन मजली घरात संध्याकाळी एकच दिवा. मला काय समाधान वाटलं म्हणून सांगू!

एका सकाळी चौकात आप्पासाहेबांना कुणीतरी विचारलं, "काय मालक, गवऱ्या कशा दिल्या?" ते लालबुंद होऊन घरी आले. लक्ष्मीबाई बाहेर आल्या आणि त्यांनी माझ्यावरचं मोठ्याने वाचून दाखवलं, अगदी नावासकट. मग नवऱ्याला म्हणाल्या, "हे तर तुमीच बोलले होते, मी आतून ऐकलं. जा अन् पोरीला घेऊन या."

आणायला जायचं सोडून हा माणूस भांडायला गेला. रामकिसन आपला जुना गडी, त्याच्यासमोर पोरीचं पाप उघडं केलं की तो तिला चार शब्द सुनावेल, असा हिशेब. तार तोडून मला उतरवलं, पुरावा म्हणून स्कूटरला बांधलं आणि निघाले करमाडला. अहो, मी स्वतःच्या पायांनी जाऊ शकले असते तर नाचत गेले असते!

ज्या वस्तीच्या कडेने ते आयुष्यभर गाडी न थांबवता गेले, तिथे त्यांनी मला हातात धरून प्रवेश केला. रामकिसन बाहेर आले. पूर्वी 'मालक' म्हणायचे, आता म्हणाले, "जय भीम, आप्पासाहेब. या, बसा."

"बसायला नाय आलो. बघ तुझ्या लेकीनं काय लिहिलं!"

रामकिसनने मला भिंतीला टेकवलं आणि सावकाश वाचलं. तोवर शेजारपाजार जमला. कुणी वाचून दाखवलं, कुणी पुन्हा वाचायला लावलं. मालनबाईने चहाचा कप आप्पासाहेबांच्या हातात दिला. इतक्या डोळ्यांसमोर तो नाकारता येईना. आणि तो कप हातात असताना रामकिसनने विचारलं, "आप्पासाहेब, ह्यातलं कोणतं वाक्य तुमचं नाय, तेवढं सांगा. तेवढं पोरगी आत्ता पुसून टाकंल."

आप्पासाहेबांनी मला वरून खाली पाहिलं. पुन्हा वरून खाली पाहिलं. सगळी वाक्यं त्यांचीच होती. चहा निवत होता. मालनबाई म्हणाली, "ज्या हातांनी तुमच्या शेतात राबले, त्याच हातांनी गवऱ्या बी थापल्या. त्याची लाज नाय आमाला. पोरीनं त्याच थापाव्या असं म्हणायची तुमाला कशी नाय वाटली?"

आप्पासाहेबांनी चहा एका घोटात संपवला. बोलले ते खाली बघून. "परीक्षेपर्यंत राहू दे तिला."

"एकटी नाय येणार," निशा दारातून म्हणाली. "सगळ्यांना भत्त्याच्या आधीचं भाडं. अन् पाण्याचा कॉक उघडा ठेवायचा. कबूल असंल तर येते, नसंल तर पाटी परत फाटकावर बांधा."

त्यांनी मान डोलावली. "तोंडानं बोला," कुणीतरी मागून म्हणालं. त्यांना तोंडाने बोलावं लागलं.

निशा दुसऱ्याच दिवशी गारखेड्याला परतली. तिचे तास भरले, ती परीक्षेला बसली, पास झाली. मी मात्र परत गेले नाही. आप्पासाहेबांनी निघताना माझ्याकडे हात केला, तेव्हा मालनबाई मध्ये आली. "पाटी इथंच ऱ्हाऊ द्या. भाडं वाढलं का घेऊन येऊ." तेव्हापासून मी मालनबाईच्या घराच्या भिंतीवर, रस्त्याकडे तोंड करून आहे. तिकडे गारखेड्यात मुलींच्या खोल्या भरलेल्या आहेत आणि भाडं जागचं हललेलं नाही. करमाडला एखाद्या लग्नाला आले की आप्पासाहेब लांबच्या रस्त्याने जातात म्हणे.

तुम्हाला माझी एकच विनंती आहे. इकडे आलात तर मला सावलीत सरकवा, उन्हाने अक्षरं उडतात. पावसात माझ्यावर गोणपाट टाका. गंज दिसला तर रॉकेलचं फडकं फिरवा, पण जपून, शेवटच्या ओळीतल्या नावाला धक्का लावू नका. भत्ता अजून कापलेलाच आहे, गारखेड्यात घरमालक पुष्कळ आहेत, आणि मला अजून पुष्कळ दिवस वाचण्यासारखं राहायचं आहे.