पळायचं औषध

धम्मपालनं काउंटरवर हात आपटला, तशा काचेखालच्या खोकल्याच्या बाटल्या खणखणल्या.

"गुंडूला सुई तूच दिलीस!"

"कोण म्हणतंय?" औषधवाला बाळासो शांतपणे म्हणाला. "माणूस हुबा करा की साहेब समोर. मग बोलू."

माणूसच तर मिळत नव्हता. ऑपरेशनच्या टेबलावर रक्तदाब ढासळला तर द्यायचं ते इंजेक्शन. पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं पळायच्या आधी ते टोचून घेत आणि त्याला 'घोडा' म्हणत. या उन्हाळ्यात कळंब्याच्या तलावाकाठी पळता पळता दोघं गेले होते. मागल्या आठवड्यात गडहिंग्लजकडचा गुंडू गेला. घेणारी पोरं ढिगानं होती, पण भरती तोंडावर आलेली. कबूल करील त्याचं नाव कटणार, म्हणून सगळ्यांनी तोंडाला कुलूप घातलेलं.

ठाण्याकडं परतताना धम्मपाल जोडीदारावर भडकला. तो आणि विश्वजित एकाच भरतीत शिपाई झालेले, तपासही दोघांवर मिळून सोपवलेला.

"तू आत तोंडातनं शबूद काढला न्हाईस. भ्या वाटतंय व्हय त्येचं?"

विश्वजित खाली बघून चालत राहिला.

"आमचा भाऊ प्रसेनजीत आपल्यासंगंच पळाला. एका मार्कानं ऱ्हायला, आज हमाली करतोय. पर असलं काय टोचलं न्हाय त्यानं. आन् हा हलकट पोरं मारून पैसं मोजतोय!"

ठाण्याच्या पायरीवर गुंडूची आई बायडाबाई बसली होती. मांडीवर पोराचे नवे बूट.

"गावलं का वो साहेब कोण सांगणारं?"

"गावंल, मावशी."

हे उत्तर तिला रोजच मिळत होतं. धम्मपालला स्वतःच्या वर्दीचीच चीड आली. आत येऊन त्यानं कोरा कागद टेबलावर आदळला.

"काय लिवू ह्यात? माझं कपाळ?"

विश्वजितनं टोपी काढली. आपल्या खुर्चीकडं न जाता तो टेबलाला वळसा घालून समोरच्या बाकावर बसला. तिथं साक्षीदार बसतात.

"लिव," तो म्हणाला. "बाळासो मागल्या दारानं देतो. सवता दंडात टोचतो. मला त्यानंच टोचलंय."

"कवा?"

"आपल्या भरतीला."

धम्मपाल खुर्ची ढकलून उठला. याची गचांडी धरावी, फरफटत प्रसेनजीतसमोर न्यावं, असं त्याला वाटलं. दाराबाहेर बायडाबाई खोकली.

तो खाली बसला. जबाबाची सुरुवात ठरलेली असते: नाव, वय, धंदा. पहिल्या दोन गोष्टी त्यानं न विचारताच लिहिल्या. मग पेन थांबलं.

"धंदा?" त्यानं मान वर न करता विचारलं.

विश्वजितनं टोपी टेबलावरून त्याच्याकडं सरकवली.

"आजच्यापुरतं पोलीस लिव."