तेलाची पाच भोकं

मित्रांनो, मी एक जुना लेथ आहे. कोइमतूरच्या एका विद्यापीठात, यंत्र अभियांत्रिकी विभागाच्या मागच्या आवारात, शेवग्याखाली उभा आहे. माझ्या पाठीवर खडूने 'भंगार' लिहिलंय. उद्या सकाळी ट्रक येणार, म्हणून आजच सांगून टाकतो.

मी याच गावच्या ओतकामाच्या कारखान्यात जन्मलो आणि पंचेचाळीस वर्षं इथल्या कार्यशाळेत राबलो. लोखंडी दांडा माझ्या जबड्यात फिरायचा आणि तासून गुळगुळीत व्हायचा. मुलांनी बनवलेल्या नारळ सोलायच्या, हळद चिरायच्या कितीतरी यंत्रांचे दांडे माझ्याच हातचे. त्यांना मिळालेल्या ढाली विभागप्रमुखांच्या कपाटात मावेनाशा झाल्या. मला कुणी विचारलं नाही, पण माझी तक्रार नव्हती, कारण मरुदाचलम होते.

मरुदाचलम आमचे फोरमन. रोज सकाळी माझ्या अंगावरच्या पाच भोकांत तेल सोडायचे, मगच चहाला जायचे. आयुधपूजेला, म्हणजे खंडेनवमीला, ते मला पुसून लख्ख करत आणि चंदन-कुंकू लावत, तेही फक्त पुढच्या पत्र्याला. कुणी भोकांकडे बोट नेलं की ओरडत, "अरे तंबी, गंध देवाच्या कपाळाला लावतात, तोंडात कोंबत नाहीत!"

ते निवृत्त झाले. त्यांच्या जागी कुणी आलं नाही. संगणकावर चालणारं नवं यंत्र मात्र आलं, आणि माझ्यावर धूळ साचू लागली.

मग याळिनी नावाची विद्यार्थिनी आली. तिची आई केळीच्या सोपटातून हाताने धागा काढायची आणि तिचे तळवे कायम चिरलेले असायचे. आईसाठी याळिनीने धागा काढायचं यंत्र योजलं. त्याचा लांब दांडा नव्या यंत्रात मावेना. माझ्यात मावला! किती दिवसांनी मला काम मिळालं म्हणून सांगू!

तेवढ्यात आयुधपूजा आली. विभागप्रमुख इळंगो सर म्हणाले, "पूजा झकास दिसू दे. फोटो पुरस्कार समितीकडे जायचाय." माझ्या पाचही भोकांना पितळी कडा आहेत. तेल नेमकं कुठून आत जातं, हे याळिनीला कुणी शिकवलं नव्हतं; तिला वाटलं, ही गंधाचीच जागा. तिने अंगठ्याने चंदन दाबून दाबून भरलं. फोटो सुरेख आला.

दुसऱ्या दिवशी मी सुरू झालो. तिने नेहमीसारखं वरूनच तेल ओतलं, पण भोकं बुजलेली; ते बाहेरच ओघळलं. चंदन आत मातीसारखं वाळलं होतं. मी तापलो, किंचाळलो आणि अडकून बसलो. दांड्यावर खोल ओरखडा उमटला.

याळिनीने केसातली पिन काढून एक भोक कोरलं. पिवळा चुरा बाहेर आला. तिचा चेहरा पडला.

"म्हाताऱ्याकडून दुसरी काय अपेक्षा?" मागून सर म्हणाले. "अहवालात लिही, यंत्र जुनं असल्यामुळे बिघाड. आणि हे काढा भंगारात."

तिने त्या चुऱ्यावर मूठ मिटली. "हो, सर."

मित्रांनो, त्या दोन शब्दांनी मला जितकं लागलं, तितकं अडकून बसल्यानेही लागलं नव्हतं.

दांडा बाहेरून करून आणला. तिला पुरस्कार मिळाला. मी इथे येऊन पडलो.

आज पुन्हा आयुधपूजा होती. मरुदाचलम यंत्रांच्या पाया पडायला म्हणून आले आणि मला शोधत थेट इकडे पोचले. एका भोकात नख घालून त्यांनी वास घेतला.

"चंदन! कुणी केलं हे?"

"मी, अय्या," त्यांच्या मागोमाग आलेली याळिनी म्हणाली. "आणि गप्पही मीच बसले."

"अगं कण्णू, वर्षभर?"

ती रडू लागली. मरुदाचलमनी तिला समजावलं नाही. पिशवीतून जुनी तेलाची कुपी काढून तिच्या हातात दिली. "घाल. निदान जाताना तरी तहानलेला नको."

तिने पाचही भोकं कोरून तेल सोडलं. मग तशाच तेलकट हातांनी सरांच्या खोलीत गेली. परतली तेव्हा डोळे लाल होते.

"सगळं सांगितलं, अय्या. पण सर म्हणतात, भंगारवाल्याशी सौदा झालाय."

मित्रांनो, आम्हाला गंध लावायला विसरलात तरी आम्ही रागावणार नाही. तेल तेवढं वेळेवर घाला. आणि हातून चूक झाली, तर ती त्याच दिवशी सांगा. आज माझ्या अंगात तेल आहे, पण फिरायला उद्या नाही.