चौदावं मत

वॉल्टर कोचच्या घरी, टेबलावरच्या फोनखाली त्यांच्या बायकोनं, स्टेलाबाईंनी, हातपुसणं घडी घालून ठेवलं होतं — थरथरत घसरून पडू नये म्हणून. मॉरिस थिबो त्या हातपुसण्याच्या निळ्या काठाकडे बघत राहिला. तो फोन वाजणार नाही, हे कॅनडातल्या त्या अख्ख्या सडबरी गावात एकट्या त्याला माहीत होतं.

सकाळीच निवड समितीची बैठक झाली होती. बर्फावरच्या हॉकीतल्या थोरांची नावं लागतात त्या टोरांटोच्या हॉल ऑफ फेममध्ये यंदा कोण, हे ठरवणारी अठरा माणसं; त्यांतला एक मॉरिस. चौदा मतं पडली की माणूस आत. खेळाडू म्हणून मॉरिसचं नाव तिथं बारा वर्षांपूर्वीच लागलेलं. आणि वॉल्टर सावचिन — ज्यांनी त्याला बर्फावर उभं राहायला शिकवलं, मुलींना मैदान द्यायला कुणी तयार नव्हतं तेव्हा गोठलेल्या तळ्यावर रात्रंदिवस पाणी मारून गुळगुळीत बर्फाचं मैदान केलं, चाळीस वर्षं मुली खेळवल्या — त्यांना, खेळ घडवणाऱ्यांच्या यादीत, तेराच मतं.

आतलं बाहेर सांगायचं नाही, अशी सही त्यानं केली होती. निवडलेल्यांना दुपारी फोन जातो. बाकीच्यांना... काहीच जात नाही.

"तीन वाजले का रे?" वॉल्टरनी विचारलं. नाकातल्या प्राणवायूच्या नळीमुळे आवाज गेंगाणा येत होता. सत्त्याऐंशीव्या वर्षी त्यांनी आज टाय बांधला होता.

"वाजून गेले, कोच."

"टोरांटोची माणसं. जेवायलाच उशिरा बसत असतील."

मॉरिस हसला. हसू ओठांवरच राहिलं. सकाळी बैठकीत मला बोलायला वेळ दिला होता — पुरेसा वेळ. मी आकडे सांगितले, किती मुली, किती वर्षं, किती जणी देशाकडून खेळल्या. तळ्याची गोष्ट मात्र गाळली, कारण ती सांगताना मला रडू आलं असतं, आणि त्या सतरा जणांसमोर मला रडायचं नव्हतं... एका माणसाचं मत त्या रडण्यानं वळलं असतं का? कदाचित नसतंही. पण आता हे कुणाला विचारू? ज्यांना विचारावं, ते समोर टाय बांधून बसलेत.

"मो, तू मत दिलंस ना मला?"

"कोच, सांगता येत नाही मला."

"माहितेय रे. नियम म्हणजे नियम, मीच घोकून घेतलंय तुमच्याकडून." ते थांबले, श्वास गोळा केला. "तरी... नुसती मान हलव."

मॉरिसनं फोनखालच्या हातपुसण्याचा काठ बोटानं सरळ केला. वॉल्टर त्याच्या तोंडाकडे बराच वेळ बघत होते, मग खिडकीकडे.

"स्टेला, पेरोगी गरम कर गं. पोरगं सकाळपासून उपाशी दिसतंय."

चौसष्ट वर्षांचं पोरगं खाली मान घालून त्या बटाटा भरलेल्या, वर परतलेला कांदा घातलेल्या उकडीच्या करंज्या खाऊ लागलं. त्यांना कळलं होतं की नव्हतं? तो अकरा वर्षांचा असताना, चुकल्यावर हेच कोच पूर्ण मैदानाला ऐकू जाईल असं ओरडायचे. आज त्यांनी ओरडावं, एकदाच, असं त्याला आतून वाटत होतं — आणि ते मायेनं म्हणत होते, "कांदा घे ना अजून."

त्यानं घेतला.